दाराशी अडलेलं कार्ड

“माझा मुलगा काय भिकारी आहे, दाराशी उभा करायला?”

मंदाकिनी वेळापुरेने पायरीवरूनच आवाज लावला. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. दोघींनी बांगड्या सोडल्या आणि कान इकडं वळवले.

“मंदे, आधी वर ये, बस, पाणी पी. मग भांड,” मी म्हटलं. “उन्हातून येऊन भांडलीस तर घेरी येईल, आणि नाव माझं होईल.”

ती बसली नाही. तिने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. “वाचा! ‘आपण सध्या दाराशी आहात. कृपया थांबावे.’ हे परवा होतं, काल होतं, आजही आहे. तुम्ही स्वतः माझ्या घरी येऊन गेलात ना, आक्का? चहा पिऊन गेलात. घर पसंत पडलं म्हणालात.”

“चहात साखर जास्त होती. घर पसंत आहे.”

“मग?”

मग काय, ते मलाही कळत नव्हतं. निनादचं कार्ड मी माझ्या हाताने आत घेतलं होतं.

हे कार्डाचं प्रकरण आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

कराडच्या शनिवार पेठेत आमचं बांगड्यांचं दुकान. आम्ही कासार. मी लग्न होऊन आले तेव्हापासून पेटी घेऊन घरोघर बांगड्या भरत फिरले. बाईचा हात हातात घेतला की ती बोलते. कुणाची मुलगी लग्नाची झाली, कुणाचा मुलगा पुण्यात चिकटला, कुणाच्या सासूचा स्वभाव कसा आहे, सगळं मला हात धरल्याधरल्या कळायचं. त्यातून मी किती सोयरिकी जुळवल्या त्या माझ्याही लक्षात नाहीत. म्हणून समाजाने वधू-वर मंडळ काढलं तेव्हा अध्यक्ष मलाच केलं. माझी शाळा तिसरीपर्यंत. पण अध्यक्षाला काय लागतं? तोंड लागतं. ते मला देवाने भरपूर दिलंय.

मग पोरं म्हणू लागली, मंडळाची वेबसाइट पाहिजे. काढली. दुकानाच्या मागच्या खोलीत टेबल टाकलं आणि काम बघायला मनाली नावाची मुलगी ठेवली. तिचे वडील एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक, घर मागच्याच गल्लीत. मुलगी आमच्यातली नव्हती. पण आमच्यातल्या ज्या दोन मुलांना हे काम येत होतं ती मुलं पगार ऐकून हसली होती, त्यामुळं तेव्हा कुणी काही बोललं नाही.

पहिल्याच दिवशी तिने मला टॅबवर एक फळा दाखवला. त्याला बोर्ड म्हणायचं.

“आक्का, एक माणूस म्हणजे एक कार्ड. हा बघा फोटो. कार्ड एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात बोटाने ओढायचं. जिथं ठेवाल तेवढंच वेबसाइट त्या माणसाला दाखवते. वेगळं काही करावं लागत नाही.”

“आणि हे डोक्यावर काय लिहिलंय?”

“पेंडिंग, बेसिक, प्रीमियम, क्लोज्ड.”

“हे कुणाच्या बापाला कळतंय? पूस.”

“मग काय लिहू?”

“आपल्या घरी परका माणूस आला तर आधी कुठं उभा राहतो?”

“दाराशी.”

“कोण, कुठला कळला की?”

“ओसरीवर बसवतो.”

“आणि अगदी खात्री पटली की?”

ती हसायला लागली. “माजघरात.”

“झालं तर मग. आणि लग्न ठरलं की ‘जमलं’. यात इंग्रजी कशाला पाहिजे?”

तेव्हापासून आमचा बोर्ड घरासारखा झाला. नवीन नाव आलं की कार्ड दाराशी. त्याला आपली माहिती भरता येते, दुसऱ्याची दिसत नाही. कागद बरोबर निघाले की ओसरीवर, मग फोटो आणि शिक्षण दिसतं. मी किंवा मंडळाचं कुणी घर बघून आलं की माजघरात. माजघरात आलेल्यालाच मुलींचे पत्ते आणि फोन नंबर दिसायचे. आणि कार्ड ‘जमलं’मध्ये टाकलं की त्याचं दार बंद, सगळ्या सभासदांच्या मोबाइलवर निरोप जायचा, अमक्याचं जमलं, शुभेच्छा. म्हणजे पुन्हा कुणी त्याला स्थळ म्हणून फोन करायला नको.

मला हे फार आवडलं. चष्मा लावून बसायचं, आणि एकेकाला बोटाने उचलून आत घ्यायचं. साखर कारखान्याचा डायरेक्टर आला तरी दाराशी. त्याच्याकडं बघून मी चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, घर बघितल्याशिवाय ओसरी नाही. त्याच्या मुलाला मी पुढं आत घेतलं ते चांगलं घर होतं म्हणून, डायरेक्टर होता म्हणून नव्हे.

तर मंदाकिनीसमोर मी टॅब मागवला. मनालीने आणून दिला. निनाद खरंच दाराशी. मी चष्मा चढवला, कार्डावर बोट ठेवलं आणि सरळ माजघरात नेऊन सोडलं. मंदाकिनीचा मोबाइल टिंग वाजला. ‘आपले माजघरात स्वागत आहे.’

“बघ. झालं समाधान? आता पाणी पी.”

ती पाणी प्यायली. जाताना म्हणाली, “आक्का, पुन्हा असं झालं तर मी अण्णाला सांगणार.”

अण्णा म्हणजे तिचा भाऊ, भालचंद्र. मंडळाचा सेक्रेटरी. माझ्या खुर्चीवर त्याचा डोळा पहिल्या दिवसापासून, कारण माझ्या आधी ती त्याला मिळणार असं त्याच्या बायकोने सगळीकडं सांगून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी निनाद पुन्हा दाराशी.

मी मनालीला हाक मारली. “हे यंत्र बिघडलंय का?”

“बघते, आक्का.”

“बघते नको. दुसरं कुणाचं कार्ड मागं जात नाही, याचंच का जातं? याच्या पत्रिकेत दार आहे का?”

ती खाली मान घालून टायपत राहिली. मी कार्ड पुन्हा आत ओढलं. परत बाहेर. मला वाटलं, माझं बोट नीट उचलत नसेल. मग वाटलं, भालचंद्राने कुणाकडून तरी करवलं असेल, मला खोटं पाडायला. तो काय करेल सांगता येत नाही. एकदा त्याने मंडळाच्या पाटीवरून माझं नाव रंगाऱ्याकडून बारीक करून घेतलं होतं.

आणि तो आलाच. पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात फाईल.

“आक्का, रविवारी मेळावा आहे. मी ठराव मांडणार आहे. आधी सांगितलेलं बरं.”

“कसला?”

“वेबसाइटचं काम पुण्याच्या कंपनीला द्यावं. बाहेरच्या व्यक्तीकडं आपल्या मुलींची माहिती असणं बरोबर नाही. आणि कामातही गोंधळ आहे. माझ्याच भाच्याचं कार्ड...”

“माहिताय मला तुमच्या भाच्याचं कार्ड. आणि मी काय करायचं?”

“तुम्ही मार्गदर्शक राहा. आशीर्वाद द्या.”

“आशीर्वाद द्यायला मी काय फोटोतली आजी आहे? हार घालून भिंतीवर लावा म्हणजे झालं.”

तो हसला. हसला म्हणजे ठरवूनच आला होता. मागच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. ‘बाहेरची व्यक्ती’ हे त्याने जरा मोठ्यानेच म्हटलं होतं. टायपण्याचा आवाज थांबला होता.

कार्ड कोण मागं ओढतं ते मला कुणी सांगायला आलं नाही. मला ते दिसलं.

दुपारची वेळ, पेठेत सामसूम. मी काउंटरला टेकून बसले होते, डोळे मिटून. झोपले नव्हते. म्हातारी डोळे मिटून बसली की लोकांना वाटतं झोपली, हे फार सोयीचं आहे. मनालीने डबा संपवला, हात धुतले, रुमालाला पुसले. टॅब घेतला. निनादचा फोटो बोटाने मोठा केला. बघत राहिली. मग मांडीवर झोपलेलं मूल उचलून पाळण्यात ठेवावं तसं, अगदी हळू, ते कार्ड माजघरातून ओढत आणलं आणि दाराशी ठेवलं.

“छान ठेवलंस,” मी म्हटलं.

टॅब तिच्या हातून पडता पडता राहिला.

“कुणाच्या सांगण्यावरून? भालचंद्राच्या?”

“नाही, आक्का! त्यांच्या सांगण्यावरून कशाला?”

“मग यंत्राच्या?”

ती उभी राहिली. “रविवारी मेळाव्यात माझं नाव सांगा. मी केलं म्हणून सांगा. तुमच्यावर काही यायला नको. मी सोमवारपासून येत नाही.”

“तू येतेस की नाही ते मी ठरवेन. विचारलेलं सांग. का केलंस?”

तेवढ्यात पायरीवर चपला वाजल्या. निनाद. भांड्यांच्या दुकानात बसणारा मुलगा, उंच, सावळा, कपाळावर कायम पितळेची धूळ. हातात कागदी पुडा, त्याला तेल सुटलेलं.

“आक्का, माझं कार्ड...” असं म्हणत तो आत आला आणि आमची तोंडं बघून थांबला.

“दाराशी आहे,” मी म्हटलं. “आत घेऊ?”

“तुमच्या सवडीनं घ्या. गडबड नाही.”

“तुझी आई माझ्या काचा फोडायला निघालीय, आणि तुला गडबड नाही?”

“आईचं काय मनावर घेता? तोपर्यंत मी येत जाईन ना चौकशीला. जवळच आहे.” पुडा त्याने टेबलावर ठेवला. “भजी आहेत. ऑफिससाठी. मिरचीची नाहीत, कांद्याची आहेत. मनालीला तिखट सोसत नाही.”

बोलून गेला आणि कान लाल झाले.

“असं होय?” मी म्हटलं. “तीन वर्षं मी या ऑफिसात बसते. मला काय सोसतं ते कुणी विचारलं नाही.”

“तुम्हाला काय आवडतं, आक्का?”

“मिरचीची.”

तो पळाला. पुडा तिथंच राहिला. मनाली भिंतीकडं बघत होती. मी एक भजं घेतलं. थंड होतं, पण मीठ बरोबर होतं.

“पहिल्यांदा तू ओढलंस की त्याने सांगितलं?”

“पहिल्यांदा मी.” ती अगदी बारीक आवाजात बोलली. “तो चौकशीला आला. मी म्हटलं, चूक झाली, आत घेते. तर म्हणाला, राहू दे. आत गेलो तर आई मुलींना फोन करत सुटेल.”

“मग दोघांनी घरी सांगायला काय झालं होतं? तोंडं आहेत ना तुम्हाला?”

“काय सांगणार, आक्का?” आता तिने माझ्याकडं बघितलं. “सगळ्यांची कार्डं मी सरकवते. माझं कार्ड कुठल्या रकान्यात आहे?”

मी दुसरं भजं घेतलं.

एक सांगते. मी काही सुधारक बाई नव्हते, आजही नाही. आपली मुलगी आपल्यात द्यावी, आपली सून आपल्यातली आणावी, हे मी किती तरी माजघरांत बसून सांगितलंय. माझ्या सख्ख्या पुतण्याने बाहेरची केली तेव्हा मी त्याच्या लग्नाला गेले नाही, आणि वर वर्षभर त्याच्या आईला टोमणे मारले. तेव्हा माझ्या मनात त्या दिवशी काय चाललं होतं ते मलाच नीट सांगता यायचं नाही.

मी एवढंच म्हटलं, “रविवारी मोठा पडदा पाहिजे. शेवटच्या खुर्चीवरून कार्डावरचा फोटो दिसला पाहिजे.”

“आणि हे कार्ड?”

“आहे तिथं राहू दे.”

“आणि मी?”

“तू पडद्याशेजारी, लॅपटॉप घेऊन. दुसरं कोण चालवणार? भालचंद्राला टीव्हीचा आवाज कमी करता येत नाही.”

रविवारी मंगल कार्यालय भरलं. मुली नव्या साड्यांत, मुलं इस्त्रीच्या शर्टांत, आया पहिल्या रांगेत, बाप मागं पंख्याखाली. आतून पुरी तळल्याचा वास. पडद्यावर आमचा बोर्ड, चारी रकाने, आणि दाराशी निनाद, थाळीएवढ्या तोंडाचा. मंदाकिनी तो बघून पदराने वारा घेत होती.

भालचंद्राने भाषण केलं. चांगलं केलं, खोटं कशाला बोलू. आधी माझी स्तुती केली, म्हणजे पुढचं बोलायला मोकळा. मग म्हणाला, “परंतु काळ बदलला आहे. एका प्रतिष्ठित घराण्यातील मुलाचं कार्ड वारंवार दाराशी अडवलं जातं, याला जबाबदार कोण? आणि आपल्या लेकींचे फोन नंबर, पत्ते, एका बाहेरच्या व्यक्तीच्या हाती किती दिवस ठेवायचे?” मग त्याने ठराव वाचला. बाहेरच्या व्यक्तीकडे समाजाची माहिती नसावी, काम कंपनीकडे सोपवावे. मागून कुणी तरी टाळ्या वाजवल्या. ते त्याचे मेहुणे असावेत.

मी उठले. माइक नको म्हटलं. मला माइक लागत नाही.

“तक्रार खरी आहे,” मी म्हटलं. “कार्ड अडवलं गेलं.”

भालचंद्राला हे अपेक्षित नव्हतं. मी नाही म्हणेन, तो हो म्हणेल, अशी त्याची तयारी होती.

“निनाद, उभा राहा.”

तो उठला. लोकांनी पडद्यावरच्या तोंडाशी खरं तोंड ताडून बघितलं.

“तुझं कार्ड एवढे दिवस दाराशी आहे. तू लेखी तक्रार केलीस?”

“नाही, आक्का.”

“तोंडी?”

“नाही.”

“का?”

त्याने आईकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग पडद्याशेजारी. “मला दाराशीच बरं वाटतं, आक्का.”

मुलांच्या रांगेतून हशा फुटला. “निन्या! काय बोलतोस?” मंदाकिनी ओरडली.

“बरोबर बोलतोय तो,” मी म्हटलं. “मंदे, तू म्हणतेस मुलगा अडवला. अडवला नाही. तो स्वतः उभा राहिलाय. रोज भजी घेऊन उभा राहतो.”

आता सगळेच पडद्याशेजारी बघायला लागले होते. मनालीचे डोळे लॅपटॉपवर, पण ती काही वाचत नव्हती हे लांबूनही कळत होतं. पहिल्या रांगेतल्या बायकांच्या कुजबुजीचा आवाज वाढला. भालचंद्राच्या तोंडावर हळूहळू उजेड पडत गेला आणि मग पटकन गेला.

“आक्का!” तो म्हणाला. “तुम्ही काय सुचवताय? ती मुलगी आपल्यातली नाही!”

“नाही.”

“मग?”

“मग ऐका, अण्णा. तीन वर्षं ही मुलगी आपल्या सगळ्यांच्या माजघरात आहे. कुणाच्या मुलाचा पगार फुगवून लिहिलाय, तिला माहीत. कुणाची पत्रिका दोनदा बदलली, तिला माहीत. कुणाचा साखरपुडा का मोडला, तिला माहीत. तुमच्या धाकट्याचं खरं वय तिला माहीत.”

भालचंद्राला खोकला आला.

“यातला एक शब्द गावात आला? कुणी ऐकला असेल त्याने हात वर करा.”

हात वर झाला नाही. कसा होणार? ज्याने त्याने आपापल्या घरचं आठवून हात मांडीखाली ठेवला होता.

“माझ्या पोटात एवढं राहिलं नसतं,” मी म्हटलं. “राहिलं नसतंच, तुम्हाला ठाऊक आहे. घराची सगळ्यात आतली खोली तिच्या हवाली केली तेव्हा आपल्यापैकी कुणी तिची जात विचारली नाही. स्वस्तात मिळाली म्हणून गप्प बसलो. आता ती खोली सांभाळून दाखवली, तर विचारतोय. सून बघायला गेलं की आपण काय बघतो? घरातलं बाहेर जाणार नाही ना, हेच बघतो ना? दुसरं काय असतं?”

मला वाटलं होतं मी हे फार जोरात बोलेन. निघालं बारीक आवाजात. म्हणून असेल, पण मागच्या पंख्याखालचे म्हातारेसुद्धा पुढं वाकून ऐकत होते.

“मनाली,” मी म्हटलं, “ते कार्ड कुठं न्यायचं तिथं तूच ने. माझं बोट आज चालत नाही.”

“आक्का...”

“आत न्यायचं तर माजघरात ने, त्याची आई मुलींना फोन करायला मोकळी. नाहीतर तुला वाटेल तिथं. पण आज ने. मलाही रोज रोज ते मागं-पुढं बघून कंटाळा आलाय.”

पडद्यावर बाण हलला. निनादच्या फोटोवर गेला, थांबला. कार्ड उचललं गेलं. ओसरी ओलांडली. माजघरावर येऊन ते लोंबकळलं, आणि मंदाकिनी खुर्चीतून अर्धी उठली. मनालीचा हात थरथरत होता, त्यामुळं एवढ्या मोठ्या पडद्यावर निनादचं तोंडही थरथरत होतं. मग ते पुढं सरकलं आणि ‘जमलं’मध्ये पडलं.

पहिला मोबाइल वाजला. मग दुसरा. मग सगळ्या सभागृहात पर्समधून, खिशांतून, पदराखालून टिंग टिंग सुरू झालं, देवळात एकदम सगळ्यांनी घंटा वाजवाव्यात तसं. ‘निनाद वेळापुरे यांचं जमलं आहे. शुभेच्छा!’ भालचंद्राच्या खिशातही वाजला. त्याने काढून वाचला, सवयीने.

“कुणाशी जमलं गं?” एक बहिरी आजी मोठ्यांदा विचारत होती. “मुलीचं नाव नाही टाकलं!”

“तिला कार्डच नाही, आजी,” निनाद म्हणाला. तो रांगेतून बाहेर येऊन पडद्यापाशी पोचलाही होता. “आक्का, तिचं कार्ड काढायला लागेल.”

“आता कशाला काढतोस? काढलं की लगेच बंद करावं लागेल. यंत्राला त्रास,” मी म्हटलं.

पोरं खुर्च्या बडवायला लागली. भालचंद्राने फाईल वर केली. “शांत! शांत! ठराव अजून सभेपुढं आहे!”

“आहे ना. वाचा परत,” मी म्हटलं. “बाहेरच्या व्यक्तीकडं माहिती नसावी. मला मान्य. पण आता बाहेरची कोण राहिली? ही तुमच्या भाच्याची बायको होणार. तुम्ही तिचे मामेसासरे. घरच्या सुनेवर अविश्वासाचा ठराव मांडणारा पहिला मामेसासरा म्हणून तुमचं नाव मंडळाच्या पाटीवर मोठ्या अक्षरात लिहू. मांडताय?”

त्याने फाईलकडं बघितलं, बहिणीकडं बघितलं. फाईल मिटली. “जेवणाची वेळ झाली,” तो म्हणाला, आणि त्या दिवशीचं हे त्याचं सगळ्यात शहाणं वाक्य होतं.

सगळं काही गोड झालं असं नाही. मंदाकिनी पुरीला हात न लावता निघून गेली. दोन घरांनी मंडळातून नावं काढून घेतली, त्यातलं एक माझ्या चुलतदिराचं. माझ्या जावेने, जिच्या मुलाच्या लग्नाला मी गेले नव्हते, घरी येऊन मला बरंच ऐकवलं. मी ऐकून घेतलं आणि तिला चहा दिला. तिकडं मनालीचे वडीलही आडून बसले. “आमची मुलगी काय वाटेवर पडलीय? त्यांनी रीतसर विचारायला यावं,” म्हणाले. मला तो माणूस फार आवडला. निनाद दोन्ही घरांच्या मधल्या रस्त्यावर चपला झिजवत राहिला. मंदाकिनी पेठेतून जाताना माझ्या दुकानासमोर आली की रस्ता ओलांडायची, आणि पुढं जाऊन पुन्हा अलीकडं यायची, कारण ती दळण टाकायची ती गिरणी अलीकडं होती.

बोर्ड माझ्याकडंच राहिला. मी बोटाने माणसं आत घेत राहिले.

मग एका सकाळी मंदाकिनी आली. निनादच्या हट्टापुढं दोन्ही घरं नमली होती आणि लग्नाची तारीख पत्रिकेत छापून झाली होती, पण पत्रिका तिने मला दिली नव्हती. दुकानाच्या पायरीवर उभी राहून, रस्त्याकडं तोंड करून म्हणाली, “हिरव्या दाखवा.”

“माप?”

“माप मला काय माहीत?”

“मग कुणाच्या हातात भरू, मंदे? बांगडी मापावर भरत नाहीत, हातावर भरतात. हात घेऊन ये.”

ती तशीच पायरी उतरून निघून गेली. मला वाटलं, तुटलं. आक्का, तुझ्या जिभेला हाड नाही, मी मनात म्हटलं.

थोड्या वेळाने रिक्षा थांबली. आधी मंदाकिनी उतरली. मग मनाली. मंदाकिनीने तिचा दंड धरला होता, गर्दीत मूल हरवू नये म्हणून धरतात तसा. दोघी माझ्यासमोर पाटावर बसल्या. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. मी हिरव्या काचेच्या बांगड्या काढल्या, एकमेकींवर आपटून नाद घेतला, एक तडकलेली बाजूला ठेवली, आणि माझ्या बाह्या वर सारल्या.

“आक्का, जरा बेताने,” मंदाकिनी एकदम खेकसली. “तुमचा हात म्हणजे पोलादी. पोरीला दुखतंय!”

मी अजून तिचा हात हातात घेतलाही नव्हता.